धूर दिसतो, कार्बन दिसत नाही : कॅलिफोर्नियाच्या हवामान कायद्याची गोष्ट

२६ जुलै म्हटलं की मुंबईकरांना २००५ आठवतं. लॉस एंजेलिसच्या हवेचा इतिहाससुद्धा एका २६ जुलैपासूनच सांगतात, फक्त साल १९४३. दुसरं महायुद्ध चालू होतं. त्या दिवशी भर शहरावर असा धुरकट पडदा उतरला की दोन-तीन चौकांपलीकडचं दिसेना. लोकांचे डोळे चुरचुरायला लागले, घसे खवखवायला लागले. जपानने विषारी वायूचा हल्ला केला की काय, अशी शंका अनेकांना आली. पर्ल हार्बरला जेमतेम दीड वर्ष झालं होतं, त्यामुळे ती शंका अगदीच वेडगळ नव्हती.

हल्ला झाला नव्हता. मग दोषी कोण? बोट गेलं अलिसो स्ट्रीटवरच्या एका कारखान्याकडे. तिथे कृत्रिम रबरासाठी लागणारं ब्युटाडाइन तयार व्हायचं. लोकांच्या दबावामुळे तो काही काळ बंद ठेवला गेला. धूर मात्र येतच राहिला.

मी मूळची चेंबूरची. आमच्या भागाला लोक चेष्टेने ‘गॅस चेंबर’ म्हणायचे आणि आम्हीही हसून सोडून द्यायचो. गेली काही वर्षं मी लॉस एंजेलिस परगण्यात राहते. माझी गाडी जुनी आहे, त्यामुळे दर दोन वर्षांनी ‘स्मॉग चेक’ करून घ्यावा लागतो. त्यात गाडी नापास झाली तर नोंदणीचं नूतनीकरण होत नाही. आपल्याकडे पीयूसीचा कागद किती सहज मिळतो हे तुम्हाला माहीत आहेच. म्हणून पहिल्यांदा मला प्रश्न पडला की या लोकांनी हे इतकं मनावर का घेतलं असेल? त्या प्रश्नाचा माग काढत गेले, तर थेट आजच्या हवामान बदलाच्या राजकारणापर्यंत येऊन पोचले. एका राज्याने आपल्या केंद्र सरकारपेक्षा कडक नियम करायचं ठरवलं तर काय काय होतं, त्याची ही गोष्ट आहे.

अननसाचा वास शोधणारा माणूस

१९४७ मध्ये गव्हर्नर अर्ल वॉरन यांनी हवा प्रदूषण नियंत्रणाच्या कायद्यावर सही केली आणि लॉस एंजेलिस परगण्यात अमेरिकेतलं अशा प्रकारचं पहिलं नियंत्रण मंडळ उभं राहिलं. कारखान्यांच्या धुरांड्यांवर बंधनं आली. पुढे १९५७ मध्ये घरामागच्या अंगणात कचरा जाळायलाही बंदी झाली. तरी डोळे चुरचुरायचे थांबेनात.

खरं उत्तर सापडलं आरी हागेन-स्मिट या डच जीवरसायनशास्त्रज्ञाला. कॅलटेकमध्ये तो अननसाच्या वासावर काम करत होता. वास कुठल्या रेणूंमुळे येतो हे शोधण्यासाठी हवा गोठवून तिच्यातले घटक वेगळे करायचं तंत्र त्याच्या हाताशी होतं. तेच तंत्र त्याने बाहेरच्या हवेला लावलं आणि हाती आला एक तपकिरी, घाण वासाचा द्रव. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने मांडलं की गाड्यांच्या आणि तेलशुद्धीकरणाच्या धुरातले हायड्रोकार्बन आणि नायट्रोजन ऑक्साइड यांच्यावर ऊन पडलं की ओझोन तयार होतो, आणि लॉस एंजेलिसला छळतोय तो हाच. म्हणजे ज्या उन्हासाठी लोक तिथे राहायला येत होते, तेच ऊन आणि ज्या गाडीने येत होते, तीच गाडी.

तेल कंपन्यांना हे अर्थातच पटलं नाही. त्यांच्या पैशावर चालणाऱ्या संशोधनातून हागेन-स्मिटच्या निष्कर्षांवर शंका घेतल्या गेल्या. तो चिडला आणि आणखी जोमाने कामाला लागला. इकडे १९५३ मध्ये परगण्याचे सुपरवायझर केनेथ हान यांनी डेट्रॉइटच्या मोटारकंपन्यांना पत्र लिहून विचारलं, की यावर तुम्ही काय करताय? फोर्डकडून आलेल्या उत्तराचा आशय असा होता, की गाडीतून निघणारी वाफ हवेत लगेच विरून जाते, तिचा त्रास होत नाही. हान वर्षानुवर्षं पत्रं पाठवत राहिले. १९६९ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने मोटारकंपन्यांवर खटलाच भरला. प्रदूषण कमी करणारं तंत्रज्ञान बाजारात यायला उशीर व्हावा म्हणून या कंपन्यांनी संगनमत केलं, असा आरोप होता. त्याच वर्षी तो तडजोडीने मिटला.

‘विज्ञान अजून पक्कं नाही’, ‘एवढ्यात घाई नको’, ‘लोकांच्या नोकऱ्या जातील’ ही वाक्यं हवामान बदलाच्या चर्चेत आपण आज ऐकतो. त्यांची पहिली तालीम इथे झाली होती.

एका राज्याला मिळालेली खास सूट

१९६६ साली कॅलिफोर्नियाने गाड्यांच्या धुरासाठी देशातली पहिली मानकं लागू केली. मोटारकंपन्या घाबरल्या. उद्या पन्नास राज्यांनी पन्नास नियम केले तर? त्यांनी वॉशिंग्टन गाठलं. संपूर्ण देशाला एकच नियम असावा आणि राज्यांना स्वतंत्र नियम करायला बंदी असावी, अशी त्यांची मागणी होती.

१९६७ च्या केंद्रीय कायद्यात ती जवळपास मान्य झाली. ‘जवळपास’ म्हणायचं कारण कॅलिफोर्नियाचे रिपब्लिकन सिनेटर जॉर्ज मर्फी. हा मूळचा हॉलिवूडचा नट. त्यांनी कायद्यात अपवाद घालून घेतला, की ज्या राज्याने आधीपासून असे नियम केले आहेत त्याला, ‘असाधारण आणि निकडीची’ परिस्थिती असेल तर, केंद्राकडून सूट मिळावी. ही अट लागू पडणारं राज्य एकच होतं. मिशिगनच्या खासदारांनी हा अपवाद काढून टाकायचा प्रयत्न केला, पण कॅलिफोर्नियाचे दोन्ही पक्षांचे खासदार एकत्र उभे राहिले.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राज्यात एअर रिसोर्सेस बोर्ड स्थापन करणाऱ्या कायद्यावर सही झाली. सही करणारे गव्हर्नर होते रोनाल्ड रेगन, म्हणजे पुढे सरकारी नियमांचे कट्टर विरोधक म्हणून गाजलेले अध्यक्ष. बोर्डाचे पहिले अध्यक्ष झाले हागेन-स्मिट. रेगन यांनीच पुढे १९७३ मध्ये त्यांना पदावरून काढलं, ते वेगळं.

१९७७ मध्ये केंद्रीय कायद्यात आणखी एक दार उघडलं. इतर राज्यांनी स्वतःचे नियम करायचे नाहीत, पण हवं तर कॅलिफोर्नियाचे नियम जसेच्या तसे घ्यायचे. पुढे अनेक राज्यांनी ते घेतले. एका शहराच्या धुरापायी मिळालेली सूट अशी देशाच्या मोटार बाजाराला वळवणारी ताकद बनली.

शिक्षिकेचं विधेयक

आता हवामान बदलाकडे येऊ. फ्रॅन पॅव्हली या शाळेत शिकवणाऱ्या बाई राज्याच्या विधानसभेत पहिल्यांदाच निवडून आल्या होत्या. त्यांनी विधेयक आणलं, की गाड्यांमधून निघणाऱ्या हरितगृह वायूंवरही बोर्डाने मर्यादा घालावी. कार्बन डायऑक्साइडने डोळे चुरचुरत नाहीत. तो दिसत नाही, त्याला वास नाही. मग लोकांना पटवायचं कसं?

विरोधकांना हे नेमकं ठाऊक होतं. रेडिओवर आणि जाहिरातींतून प्रचार सुरू झाला, की सरकार तुमची मोठी गाडी काढून घेणार, पेट्रोलवर कर लावणार. त्यामुळे विधेयकात चक्क लिहून टाकलं गेलं की बोर्डाला नवा कर लावता येणार नाही, वेगमर्यादा कमी करता येणार नाही, एसयूव्हीवर बंदी घालता येणार नाही, गाडीचं वजन कमी करायला लावता येणार नाही. काय काय करणार नाही, याची यादी देऊन कायदा काठावरच्या मतांनी मंजूर झाला. २२ जुलै २००२ रोजी गव्हर्नर ग्रे डेव्हिस यांनी सही केली. गाड्यांच्या हरितगृह वायूंवरचा हा अमेरिकेतला पहिला कायदा.

पण तो राबवायला केंद्राची सूट हवी होती. डिसेंबर २००७ मध्ये बुश सरकारच्या पर्यावरण संस्थेने ती नाकारली. कारण मोठं विचार करायला लावणारं होतं. धुराचा प्रश्न कॅलिफोर्नियाचा खास होता, हवामान बदल तर सगळ्या जगाचा आहे, मग तुमची परिस्थिती ‘असाधारण’ कशी? थोडक्यात, प्रश्न सगळ्यांचा आहे म्हणून तुम्ही एकट्याने काही करायचं नाही. २००९ मध्ये ओबामा सरकारने ही सूट दिली. मधल्या काळात विज्ञान तेच होतं. बदललं होतं ते सरकार.

२००६ मध्ये पॅव्हली आणि विधानसभेचे सभापती फाबियन नुन्येझ यांचं ‘एबी ३२’ आलं. यात फक्त गाड्या नव्हत्या, राज्याची सगळी अर्थव्यवस्था होती. राज्याचं एकूण उत्सर्जन २०२० पर्यंत १९९० च्या पातळीवर आणायचं. सही केली आणखी एका रिपब्लिकन नटाने, आर्नोल्ड श्वार्झनेगर यांनी. ते उद्दिष्ट म्हणजे वर्षाला ४३.१ कोटी टन. राज्य तिथे २०१६ मध्येच, चार वर्षं आधी पोचलं. कायद्याचा त्यात वाटा होता, तसा मंदीचा आणि बाहेरच्या राज्यांतून येणारी कोळशाची वीज कमी झाल्याचाही होता.

तेवीस हरला, सव्वीस जिंकला

कायदा झाला म्हणजे काम झालं असं आपण धरून चालतो. राजकारणाची खरी सुरुवात त्यानंतर होते.

२०१० मध्ये कॅलिफोर्नियात बेरोजगारी १२ टक्क्यांवर होती. त्या वर्षीच्या निवडणुकीत सार्वमतासाठी ‘प्रॉपोझिशन २३’ आलं. बेरोजगारी सलग चार तिमाह्या ५.५ टक्के किंवा त्याखाली राहीपर्यंत एबी ३२ स्थगित करावा, असा प्रस्ताव. ऐकायला किती समजूतदार वाटतो! पण इतकी कमी बेरोजगारी इतका काळ क्वचितच टिकलेली. म्हणजे कायदा रद्द न करता कायमचा गोठवायचा. यामागचा मोठा पैसा टेक्सासच्या व्हॅलेरो आणि टेसोरो या तेल कंपन्यांचा होता.

विरोधात उभी राहिलेली मंडळी एरवी एका व्यासपीठावर दिसली नसती. पर्यावरणवादी होते, कामगार संघटना होत्या, सौर उद्योगात पैसा घातलेले सिलिकॉन व्हॅलीचे गुंतवणूकदार होते आणि रेगन यांचे परराष्ट्रमंत्री राहिलेले जॉर्ज शुल्ट्झही होते. या बाजूकडे पैसाही तेल कंपन्यांपेक्षा जास्त होता. सुमारे ६१ टक्के मतदारांनी प्रस्ताव फेटाळला. चार वर्षांत या कायद्याभोवती फायदा होणाऱ्यांचा एक गट तयार झाला होता. तो नसता तर निकाल वेगळा लागू शकला असता, असं मला वाटतं.

पण त्याच दिवशी, त्याच मतपत्रिकेवर ‘प्रॉपोझिशन २६’ होतं. त्यात म्हटलं होतं की सरकारला अनेक प्रकारची शुल्कं लावायची असतील तर ती कर समजून विधिमंडळात दोन तृतीयांश बहुमत लागेल. तेल, दारू आणि तंबाखू उद्योगांचा त्याला पाठिंबा होता. त्याची फारशी चर्चा झाली नाही आणि ते मंजूर झालं. ‘प्रदूषण करणाऱ्याने किंमत मोजावी’ हे तत्त्व साध्या बहुमताने राबवणं त्या दिवसापासून अवघड झालं. गाजलेली लढाई जिंकली, न गाजलेली हरली.

टनांचा हिशोब, छातीचा हिशोब

एबी ३२ खालचा सर्वात मोठा प्रयोग म्हणजे ‘कॅप अँड ट्रेड’. राज्याच्या एकूण उत्सर्जनावर कमाल मर्यादा घालायची, तेवढे परवाने काढायचे, काही लिलावाने विकायचे आणि कंपन्यांना ते आपसात विकत घेऊ द्यायचे. पहिला लिलाव नोव्हेंबर २०१२ मध्ये झाला. दरवर्षी मर्यादा खाली येते, म्हणून एकूण आकडा खाली येतो. कार्बन कुठूनही कमी झाला तरी वातावरणाला फरक पडत नाही, हे त्यामागचं तर्कशास्त्र.

वातावरणाला पडत नसेल, पण रिफायनरीच्या भिंतीला लागून राहणाऱ्या माणसाला पडतो. धुरांड्यातून कार्बनबरोबर बारीक कण येतात, विषारी वायू येतात. कंपनीने परवाने विकत घेतले आणि धूर तेवढाच ठेवला, तर राज्याचा हिशोब जुळतो, शेजाऱ्याचा नाही. ऑगस्ट २०१२ मध्ये रिचमंड शहरातल्या शेव्हरॉनच्या रिफायनरीला आग लागली, तेव्हा सुमारे १५ हजार लोकांनी दवाखाने गाठले. अशा वस्त्यांमध्ये कृष्णवर्णीय, लॅटिनो आणि गरीब लोक जास्त आहेत. त्यांच्या संघटनांनी सुरुवातीपासून कॅप अँड ट्रेडला विरोध केला, बोर्डाला कोर्टात खेचलं. चेंबूर-माहुलच्या कुणालाही हे वाचून नवल वाटणार नाही.

२०१७ मध्ये ही योजना २०३० पर्यंत वाढवायची होती. पुढे कोर्टकज्जे नकोत म्हणून दोन तृतीयांश मतं हवी होती, कारण तेच प्रॉपोझिशन २६. गव्हर्नर जेरी ब्राऊन यांना रिपब्लिकन मतांची गरज पडली. ती मिळाली, पण किंमत देऊन. कॅप अँड ट्रेडमध्ये असलेल्या कारखान्यांवर स्थानिक हवा मंडळांनी कार्बन डायऑक्साइडचे स्वतःचे नियम लावू नयेत, असं कलम आलं. सॅन फ्रान्सिस्को परिसराचं मंडळ त्याच सुमारास रिफायनऱ्यांवर मर्यादा घालायच्या विचारात होतं. वस्त्यांच्या हवेसाठी सोबत वेगळा कायदा झाला खरा. पण गंमत पाहा. ‘आम्हाला केंद्रापेक्षा कडक होऊ द्या’ म्हणून पन्नास वर्षं भांडणाऱ्या राज्याने आपल्याच स्थानिक संस्थांना ‘तुम्ही आमच्यापेक्षा कडक व्हायचं नाही’ असं बजावलं. विधेयकाला साथ देणारे रिपब्लिकन गटनेते चॅड मेझ यांना महिन्याभरात पद सोडावं लागलं.

सूट देणारा ती काढूनही घेतो

२०१९ मध्ये ट्रम्प सरकारने कॅलिफोर्नियाची सूट काढून घेतली. २०२२ मध्ये बायडेन सरकारने ती परत दिली. त्याच वर्षी बोर्डाने ठरवलं की २०३५ पासून राज्यात विकल्या जाणाऱ्या सगळ्या नव्या मोटारी शून्य उत्सर्जनाच्या असतील. डिसेंबर २०२४ मध्ये त्यालाही सूट मिळाली. आणि १२ जून २०२५ रोजी ट्रम्प यांनी ती रद्द करणाऱ्या ठरावांवर सही केली. ठराव ज्या कायद्याखाली केले तो इथे लागूच होत नाही, असा सल्ला सिनेटच्या नियमतज्ज्ञांनी दिला होता. कॅलिफोर्निया इतर दहा राज्यांना घेऊन त्याच दिवशी कोर्टात गेलं.

दरम्यान हवामान थांबलेलं नाही. २०२० च्या एका वर्षात राज्यातली ४० लाख एकरांहून जास्त जमीन जळाली आणि त्या वणव्यांतून १० कोटी टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत गेला. एबी ३२ च्या उद्दिष्टात हा आकडा धरलाच जात नाही. कायदा जे मोजतो तेवढंच तो कमी करतो.

आपल्याकडे

हे वाचताना ‘अमेरिकेत ठीक आहे, आपल्याकडे राज्यांना कुठे अधिकार’ असं मनात आलं असेल. माझ्याही आलं होतं. म्हणून शोधलं.

मुंबईत धुराविरुद्धचा कायदा १९१२ पासून आहे. आणि पाण्याच्या प्रदूषणाविरुद्ध महाराष्ट्राने स्वतःचा कायदा १९६९ मध्ये केला, केंद्राच्या कायद्याच्या पाच वर्षं आधी. आपलं प्रदूषण नियंत्रण मंडळ त्याच कायद्याखाली ७ सप्टेंबर १९७० रोजी स्थापन झालं. रेगन यांच्या बोर्डानंतर अवघ्या तीन वर्षांनी! १९८१ मध्ये महाराष्ट्राने केंद्राचा पाणी कायदा स्वीकारला. भोपाळनंतर १९८६ चा पर्यावरण संरक्षण कायदा आला आणि सत्तेचा काटा आणखी दिल्लीकडे झुकला.

तरीही राज्याचे हात पूर्ण बांधलेले नाहीत. १९८१ च्या हवा कायद्याच्या कलम १७ नुसार राज्य मंडळ, केंद्रीय मंडळाशी सल्लामसलत करून, कारखाने आणि वाहनांच्या धुराची मानकं ठरवू शकतं. २०१८ ची प्लास्टिकबंदी महाराष्ट्राने स्वतःच्या २००६ च्या कायद्याखाली आणली. काही महिन्यांतच तिच्यात उद्योगांसाठी सवलती घुसल्या, हा भागही ओळखीचा. मार्च २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हवामान बदलाच्या दुष्परिणामांपासून मुक्त असण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम १४ आणि २१ मधून येतो असं म्हटलं. पण या हक्काची अंमलबजावणी करणारा एकसंध हवामान कायदा देशात अजून नाही.

असा कायदा राज्यात किंवा देशात कधीतरी येईलच. तेव्हा भाषणं २०५० किंवा २०७० च्या उद्दिष्टांवर होतील. कॅलिफोर्नियाकडे पाहून मला वाटतं, आपण मसुद्यातली कंटाळवाणी पानं आधी वाचावीत. शुल्क लावायला किती मतं लागणार? रिफायनरीशेजारच्या वस्तीतली हवा कोण मोजणार आणि तो आकडा कुणाला दिसणार? महापालिकेला राज्यापेक्षा कडक नियम करायची मुभा असेल का? कुठल्या सहीने हे सगळं एका रात्रीत रद्द होऊ शकतं?

लॉस एंजेलिसची हवा आजही अमेरिकेतल्या सर्वात वाईट हवांपैकी एक आहे. तरी १९५० च्या दशकातल्यापेक्षा ती कितीतरी स्वच्छ आहे, आणि गाड्या मात्र तेव्हापेक्षा कितीतरी जास्त आहेत. ऐंशी वर्षांत एवढं साधलं, आणि त्यातलं एकही पाऊल भांडणाशिवाय पडलेलं नाही.